किंमत टिकवून ठेवणारे मनगटी घड्याळ : खरेदीपूर्वी जाणून घ्यावयाच्या बाबी

सोन्याचा दागिना मोडता येतो. घड्याळ मोडता येत नाही, ते विकावेच लागते. महागड्या मनगटी घड्याळांकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून हा साधा फरक बहुधा निसटतो. सोन्याचा भाव रोज सकाळी वृत्तपत्रात छापून येतो आणि सराफ घट वजा करून त्या भावाने पैसे मोजतो. घड्याळाला असा भाव नाही. पोलादी घड्याळातील धातू भंगारात काढला, तर त्याचे मोल नगण्यच. त्याची सारी किंमत दुसरा कोणीतरी ते घेण्यास किती उत्सुक आहे, यावर उभी असते.

म्हणूनच ‘किंमत टिकवून ठेवणारे घड्याळ’ या शब्दप्रयोगाचा अर्थ आधी निश्चित केला पाहिजे. काही वर्षे वापरून विकल्यावर हाती येणारी रक्कम मूळ खरेदीच्या जवळपास किंवा तिच्याहून अधिक असणे, हा तो अर्थ. या कसोटीला उतरणारी घड्याळे फार थोडी. बहुतेक महाग घड्याळे, नामांकित स्विस कंपन्यांची असली तरी, दुकानाचा उंबरठा ओलांडताच नव्या मोटारीप्रमाणे स्वस्त होतात.

मोजकी घराणी, त्यांतील मोजकी घड्याळे

पुनर्विक्रीच्या बाजारात तीन नावे सातत्याने पुढे असतात : रोलेक्स, पाटेक फिलिप आणि ऑडमार्स पिगे. त्यांचीही सर्वच घड्याळे किंमत टिकवतात असे नाही. रोलेक्सची पोलादी सबमरीनर, जीएमटी-मास्टर आणि डेटोना, पाटेकचे नॉटिलस, ऑडमार्स पिगेचे रॉयल ओक अशा ठरावीक मालिकांभोवतीच मागणी एकवटलेली आहे. त्याच कंपन्यांची सोन्याची, चामडी पट्ट्याची, समारंभात घालावयाची अनेक घड्याळे दुकानातील किमतीपेक्षा बऱ्याच कमी दराने पुन्हा विकली जातात. सोने महाग आणि पोलाद स्वस्त या नेहमीच्या हिशेबाला येथे छेद मिळतो.

हे असे का घडले, याचे उत्तर अर्धशतकापूर्वीच्या संकटात आहे. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने अॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. चावीवर किंवा मनगटाच्या हालचालीवर चालणाऱ्या उत्तम यांत्रिक घड्याळापेक्षा ते अधिक अचूक होते. पुढे क्वार्ट्झ घड्याळे स्वस्त झाली, तेव्हा स्वित्झर्लंडमधील असंख्य कारखाने बंद पडले आणि हजारो कारागिरांचा रोजगार गेला. वेळ दाखवणे हे यांत्रिक घड्याळाचे प्रयोजनच उरले नाही. त्याच काळात, १९७२ मध्ये, ऑडमार्स पिगेने जेराल्ड जेंटा या आरेखनकाराकडून अष्टकोनी कडीचे रॉयल ओक घडवून घेतले. ते पोलादाचे होते, तरी किंमत सोन्याच्या अनेक घड्याळांपेक्षा अधिक ठेवण्यात आली. १९७६ मध्ये पाटेकचे नॉटिलस आले. तेही जेंटा यांचेच. यांत्रिक घड्याळ हे तेव्हापासून उपयोगाची वस्तू न राहता प्रतिष्ठेची आणि कारागिरीची वस्तू झाले, आणि प्रतिष्ठेच्या वस्तूची किंमत तुटवड्यावर ठरते.

तुटवडा खरा किती आणि जोपासलेला किती, हा वादाचा विषय आहे. पाटेकचे वार्षिक उत्पादन सुमारे ७० हजार घड्याळांचे मानले जाते; रोलेक्स आपले आकडे जाहीर करीत नाही, परंतु ते दहा लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे. दहा लाख नगांना दुर्मीळ म्हणणे धाडसाचे ठरेल. तरीही ठरावीक पोलादी नमुने अधिकृत दुकानात सहज मिळत नाहीत. नाव नोंदवावे लागते आणि दुकानदार बहुधा जुन्या ग्राहकाला आधी संधी देतो. येथेच खरेदीदाराचे नशीब ठरते. अधिकृत दुकानात छापील किमतीला घड्याळ मिळालेला ग्राहक आणि तेच घड्याळ बाहेरच्या बाजारात दीडपट-दुप्पट मोजून घेणारा ग्राहक, या दोघांच्या मनगटावर एकच वस्तू असली तरी त्यांचा धोका एकसारखा नसतो. ‘हे घड्याळ किंमत टिकवते’ हे विधान बहुतांशी पहिल्याच्या बाबतीत खरे असते.

दुसऱ्याचे काय होऊ शकते, हे २०२२ मध्ये दिसले. महासाथीच्या काळात स्वस्त कर्जे, आभासी चलनांतील नफा आणि घरबसल्या खरेदी यांमुळे वापरलेल्या घड्याळांचे दर कल्पनेपलीकडे गेले. पाटेकने २०२१ मध्ये नॉटिलस ५७११ हा नमुना बंद करण्याचे ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये हिरव्या तबकडीचे एक नवे कोरे घड्याळ मोनॅकोतील लिलावात ४ लाख १६ हजार युरोंना गेले. त्याची दुकानातील किंमत ३५ हजार डॉलरच्या आसपास होती. २०२२ च्या पूर्वार्धात दर शिगेला पोहोचले आणि व्याजदर वाढू लागताच घसरले. शिखरावर असताना खरेदी करणाऱ्यांना ‘किंमत टिकवणाऱ्या’ घड्याळातच मोठा तोटा सोसावा लागला.

उलट, ज्यांना आज अमूल्य मानतात अशी काही घड्याळे एके काळी कोणालाच नको होती. डेटोना १९६३ मध्ये बाजारात आले. त्यातील वेगळ्या धाटणीच्या तबकडीचे नमुने तर दुकानांत वर्षानुवर्षे पडून राहिले. हॉलिवूडचे अभिनेते पॉल न्यूमन यांना त्यांची पत्नी जोअन वुडवर्ड यांनी तसेच एक भेट दिले होते. न्यूमन यांना मोटारशर्यतींचा नाद असल्याने मागील बाजूस गाडी जपून चालवण्याची सूचना कोरलेली होती. ते घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले. आजच्या दुकानातील कोणते घड्याळ पन्नास वर्षांनी असे ठरेल, हे १९६० च्या दशकातील विक्रेत्यांप्रमाणेच आजच्या विक्रेत्यांनाही सांगता येणार नाही.

मूळपणाचे मोल

घड्याळाचा नमुना योग्य असला तरी प्रत्येक नगाची किंमत त्याच्या स्थितीनुसार बदलते. येथे भारतीय ग्राहकाची सवय त्याच्या विरोधात जाते. जुनी वस्तू उजळवून, चकचकीत करून ठेवणे आपल्याकडे निगराणीचे लक्षण समजतात. संग्राहकांच्या बाजारात मात्र पुन्हापुन्हा पॉलिश केल्याने आवरणाच्या कडा बोथट झालेले घड्याळ उणे ठरते. किंचित ओरखडे असलेले, पण कधीही न घासलेले घड्याळ अधिक दराने जाते. तबकडी नव्याने रंगवलेली असेल, तर नुकसान याहून मोठे.

या बाबतीत मुंबईचे नाव जगभर, दुर्दैवाने, एका वेगळ्याच अर्थाने घेतले जाते. जुन्या स्विस किंवा एचएमटी घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याच घड्याळाचे काटे, झगझगीत रंगात नव्याने छापलेली तबकडी आणि घासून लखलखीत केलेले आवरण अशा जुळवाजुळवीच्या घड्याळाला परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अशी असंख्य घड्याळे भारतातून इंटरनेटवरून विकली गेल्याने हे नाव पडले. घड्याळजींच्या कौशल्याविषयी त्यात शंका नाही. ते घड्याळ चालते, वेळही नीट दाखवते. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यात मूळचे काही उरलेले नसते.

बाजारातून हिरे बसवून घेतलेल्या घड्याळाचीही गत तीच. कंपनीने स्वतः बसवलेले हिरे किंमत वाढवतात. नंतर सोनाराकडून बसवलेले हिरे, कितीही अस्सल असले तरी, ती घटवतात.

मूळ डबा, हमीपत्र, खरेदीची पावती, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या आणि दुरुस्तीच्या नोंदी हे सर्व सांभाळून ठेवावे. हमीपत्रावरील क्रमांक घड्याळावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. आजच्या नकला इतक्या सफाईदार असतात की मागील झाकण उघडून यंत्र पाहिल्याशिवाय अनुभवी माणसालाही खात्री देता येत नाही. ही अडचण ओळखून रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये वापरलेली घड्याळे स्वतः तपासून, प्रमाणित करून अधिकृत दुकानांतून विकण्याची योजना सुरू केली. तेथील दर खुल्या बाजारापेक्षा बहुधा चढे असतात. तो फरक खात्रीचा.

भारतातील हिशेब

परदेशातील दरांचे तक्ते पाहून भारतात घड्याळ घेणाऱ्याने करांचा विचार वेगळा केला पाहिजे. मनगटी घड्याळांवरील मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्के करण्यात आले. अधिभार धरून ते २२ टक्के आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे मोजल्यास शंभर रुपयांचे घड्याळ दुकानदाराच्या नफ्याआधीच सुमारे १४४ रुपयांवर जाते. पुन्हा विकताना यातील करांची रक्कम कोणी वेगळी मोजून देत नाही.

हे चित्र आता बदलत आहे. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून, त्यानुसार स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने संपुष्टात यावयाचे आहे. नव्या खरेदीदाराच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता. पूर्ण शुल्क भरून घड्याळ घेतलेल्याच्या दृष्टीने तितकी नाही. शुल्क उतरल्यावर नवे घड्याळ स्वस्त मिळू लागले, तर जुन्याचा दरही खाली येईल. कंपन्यांनी मूळ किमती वाढवल्या किंवा फ्रँकपुढे रुपया घसरला, तर हा परिणाम झाकला जाऊ शकतो. मागील काही वर्षांत रुपयांमध्ये दिसलेली ‘वाढ’ घड्याळाची किती आणि रुपयाच्या घसरणीची किती, हेही तपासून पाहण्याजोगे आहे.

२२ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का रक्कम स्रोतावर गोळा करतो. हा वेगळा कर नव्हे. विवरणपत्र भरताना ती रक्कम देय करातून वळती करता येते. दोन लाखांवरील खरेदीस पॅन क्रमांक द्यावा लागतो आणि एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. ‘रोखीत घेतल्यास स्वस्त’ हा प्रस्ताव म्हणूनच विनापावतीचा असतो, आणि पावती नसलेले घड्याळ पुढे विकताना किंवा विमा उतरवताना अडते.

दुबई किंवा सिंगापूरहून मनगटावर बांधून आणलेल्या घड्याळाला शुल्क लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. सवलतीच्या मर्यादेपलीकडील किमतीचे नवे घड्याळ विमानतळावर घोषित करावेच लागते. न केल्यास जप्ती आणि दंड होऊ शकतो. याउलट, स्वतःचे जुने घड्याळ परदेशी नेणाऱ्याने जाण्यापूर्वी सीमाशुल्क कार्यालयातून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना वाद उद्भवत नाही.

विक्रीची वेळ आल्यावर मार्ग दोनच. व्यापारी घड्याळ ताबडतोब विकत घेतो, परंतु स्वतःचा नफा आणि जोखीम वजा करून. त्याने मागितलेली आणि त्याने देऊ केलेली किंमत यांत मोठे अंतर असते. दुसरा मार्ग घड्याळ त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवण्याचा. त्यात दलाली कमी जाते, पण ग्राहक मिळेपर्यंत काही आठवडे, कधी अनेक महिने थांबावे लागते. दरम्यान यांत्रिक घड्याळातील वंगण सुकत असते. अधिकृत केंद्रात ते पूर्ण उघडून साफ करण्याचा खर्च नमुन्यानुसार हजारांपासून लाखापुढेही जातो, आणि खरेदीच्या वेळी केलेल्या हिशेबात तो क्वचितच धरलेला असतो.