कार्ब्युरेटर मोटार : इंजिन बंद पडण्याचे निदान

मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारीचे इंजिन सिग्नलला थांबताच बंद पडत असेल, तर दोष बहुधा पेट्रोल-हवा मिश्रणात किंवा ठिणगीत असतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मी. उंच असल्याने तेथील हवा विरळ असते. त्यामुळे मुंबईत जुळवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण तेथे पेट्रोलप्रचुर होते व स्पार्क प्लगवर कोरडी काजळी धरते. प्लगचे टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य समजावे. चोक किंचित ओढताच इंजिन सावरले, तर पेट्रोल कमी पडत आहे : आयडल जेट तुंबलेला असतो किंवा गॅस्केटमधून हवा शिरत असते. चढावर बंद पडल्यास पेट्रोल पंपाचा पडदा व फ्लोटची पातळी तपासावी. ठिणगी क्षीण असल्यास पॉइंटमधील फट व कंडेन्सर पाहावा. आयडलिंगचा स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावा.