जुना डिझेल पिकअप आणि २००७ ची सीमारेषा

१/ अमेरिकेत जुना हेवी-ड्यूटी डिझेल पिकअप घेणारा जाणकार आधी सालाची चौकशी करतो, मैलांची नंतर. गाडी २००७ च्या अलीकडची की पलीकडची, यावर बरेच काही ठरते.

२/ १९८९ साली डॉज रॅममध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन आले. शक्ती अवघी १६० अश्वशक्ती. पण पंप यांत्रिक, रचना साधी आणि ओढ जबरदस्त. १९९४ मध्ये फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकने इंधनाच्या फवारणीचे नियंत्रण संगणकाकडे सोपवले.

३/ या इंजिनांची दुसरी बाजू म्हणजे धूर. त्यातील सूक्ष्म काजळी फुफ्फुसांत खोलवर जाते. म्हणून २००६ पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५०० भागांवरून १५ वर आली आणि २००७ च्या निकषांमुळे काजळी अडवणारी गाळणी बसू लागली.

४/ हवा सुधारली, पण दुरुस्तीचा खर्च वाढला. परिणामी त्यापूर्वीच्या गाड्यांना मागणी आली. अनेकांनी नव्या गाड्यांवरील प्रदूषणरोधक यंत्रणाच निकामी केली. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० मधील अंदाजानुसार दशकभरात अशा पिकअपांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक होती. स्वच्छ हवा कायद्यानुसार हे बेकायदेशीर आहे.

५/ म्हणूनच सुज्ञ ग्राहक गाडीखाली वाकून गाळणी जागेवर आहे का, हे पाहतो. ती नसेल, तर वाचलेल्या पैशांची किंमत रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या श्वासाने चुकती होते.