तळटीप : पाथरीचा विद्यार्थी कोणत्या हंगामात मोजावा?

युद्धोत्तर काळातला पाथरी-परभणीकडचा महाविद्यालयीन फुटबॉल मूळ मजकुरात मुंबईऐवजी हैदराबादच्या इतिहासात मांडला आहे, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी मिळाले. तोवर पाथरीच्या मुलाने औरंगाबादला प्रवेश घेतला काय किंवा 1950 साली निघालेल्या नांदेडच्या पीपल्स कॉलेजात, पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचीच. विद्यापीठाच्या संघात जायचे तरी वाट हैदराबादचीच. भाषा मराठी, शिवाय 1 नोव्हेंबर 1956 पासून परभणी जिल्हा मुंबई राज्यात, मग हे दूरचे नाते कशाला, असा आक्षेप येईल. पण राज्याची सीमा एका दिवसात बदलली, तरी विद्यापीठ त्यानंतर पावणेदोन वर्षांनी आले, आणि महाविद्यालयीन हंगाम संलग्नतेवर चालतो. ते नाते कमीपणाचेही नव्हते. प्रशिक्षक रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, तोही मुंबईच्या मैदानावर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : 1947-48 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून मुक्तिसंग्रामात उडी घेतली, तेव्हा या हंगामांची सलग मालिका मानायची कशी? ती मानू नयेच. सप्टेंबर 1948 मधल्या संस्थानाच्या विलीनीकरणापूर्वीचे आणि नंतरचे हंगाम वेगळे वाचावेत. त्या वर्षी मैदानावर न उतरलेल्या मुलांची गैरहजेरी खेळातली उदासीनता म्हणून नोंदवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.