जुन्या दाराला मोटर

मॉलचं दार आपोआप सरकतं तेव्हा आपण मान वर करूनही बघत नाही. आज त्याच दाराची एक अवघड केस घेऊ. इमारत शंभर-दीडशे वर्षं जुनी, कायद्याने जपलेली, आणि तिच्या दाराला मोटर बसवायची आहे.

आपोआप उघडणाऱ्या दाराची कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात देवळाच्या दाराचं एक यंत्र लिहून ठेवलंय. वेदीवर अग्नी पेटवला की बंद जागेतली हवा तापून फुगते. ती हवा पाणी ढकलते, पाणी बादलीत पडतं, बादली जड होऊन खाली जाते आणि तिला बांधलेल्या दोऱ्या दाराचे खुंट फिरवतात. विस्तव विझला की सगळं उलट. थोडक्यात, अग्नी हाच सेन्सर! आणि दोऱ्या, बादली, पाणी सगळं जमिनीखाली. दाराकडे बघून काही कळणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग थेट अमेरिका. १९३१ मध्ये कनेटिकटमधल्या वेस्ट हेवन गावी एका रेस्टॉरंटला प्रकाशाच्या झोतावर चालणारं दार बसलं, कारण ताटं घेऊन जाणाऱ्या वेट्रेसचे हात रिकामे नसायचे. १९५४ मध्ये टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टीमध्ये डी हॉर्टन आणि लू ह्यूइट यांना आपोआप सरकणारं दार सुचलं, कारण तिथल्या जोरदार वाऱ्यात झुलती दारं टिकेनात. १९६० मध्ये ते बाजारात आलं. कुठे ताटं, कुठे वारा. व्हीलचेअरचा विषय यात अजून आलाच नव्हता.

तो आला कायद्यामुळे. अमेरिकेत १९६६ चा कायदा ऐतिहासिक वास्तू जपायला सांगतो आणि १९९० चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा म्हणतो, सार्वजनिक जागेत सगळ्यांना जाता आलं पाहिजे. दोन्ही बरोबर, आणि भांडण नेमकं दारात. नियमात दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटर. आतलं बिजागरीचं दार ५ पौंडांपेक्षा जास्त जोर न लावता उघडलं पाहिजे, म्हणजे सव्वादोन किलोचं वजन उचलण्याइतकाच जोर. गंमत अशी की बाहेरच्या बिजागरीच्या दाराला केंद्रीय नियमांत असा आकडाच नाही, आणि जुन्या इमारतीत खरं वजनदार दार बाहेरचंच असतं. ते सागवानी असो की ब्राँझचं, व्हीलचेअरवर बसून ढकलून दाखवा!

जुन्या वास्तूंना एक सवलतही आहे. मुख्य दार बदलल्याने वास्तूचं ऐतिहासिक महत्त्व नष्ट होणार असेल, तर दुसऱ्या बाजूने प्रवेश दिलेला चालतो. माझ्या मते इथेच खरी मेख आहे. सवलत अगदी शेवटचा उपाय म्हणून दिलीय, पण ती पहिलाच उपाय म्हणून वापरायचा मोह होतो. सगळे पायऱ्या चढून कमानीतून आत जाणार आणि एकाने घंटी वाजवून मागच्या गल्लीत वाट बघायची. वास्तू जपली, पण कुणासाठी?

बरं, मोटर बसते कशी? जुन्या दुहेरी दाराची एक फळी बऱ्याचदा ३२ इंचांपेक्षा अरुंद असते. म्हणून दोन्ही फळ्या एकाच वेळी उघडतील अशी मोटर लावतात. कधी ती दाराच्या वरच्या बाजूला आतून लपवतात, कधी खुंटाखाली जमिनीत. हेरॉन आठवला ना? बटण दगडी भिंतीत खोदायचं नाही, वेगळ्या खांबावर लावायचं, आणि सिग्नल वायरलेस पाठवायचा. फळ्या हळू हलल्या पाहिजेत आणि वीज गेली तर दार हाताने उघडलं पाहिजे. दुसरा मार्ग त्याहून सोपा. मूळ दार दिवसभर उघडं ठेवायचं आणि त्याच्या आत थोडं अंतर सोडून काचेचं सरकतं दार बसवायचं. मला हा जास्त आवडतो, कारण जुनं काय आणि नवं काय ते लगेच दिसतं.

अमेरिकेच्या जतन-निकषांत एक अट आहे: नवी भर पुढे काढून टाकली, तर मूळ वास्तूचं रूप शाबूत राहिलं पाहिजे. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच पटतं. रोलबॅक करता येत नसेल तर डिप्लॉय करू नका!

आता पुण्यात या. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तींच्या धडका अडवायला अणकुचीदार खिळे ठोकलेत, आणि त्याच अवाढव्य फळीत एक माणूस जाईल एवढा दिंडी दरवाजा आहे. मोठं दार बंद ठेवायचं आणि वर्दळीसाठी छोटं दार वापरायचं, ही युक्ती आपल्याकडे आधीपासून होती. फक्त तिचा हेतू उलटा होता. फौज एकदम आत घुसू नये म्हणून ते दार मुद्दाम अडचणीचं केलेलं. वाकायचं, उंबरठा ओलांडायचा, एकेकाने आत जायचं.

आपल्याकडेही असेच दोन कायदे आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. दुसऱ्या कायद्याने आधीच्या सार्वजनिक इमारती सुगम करायला, नियम आल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. आणि दिंडी दरवाजाला मोटर लावून काही होणार नाही, कारण तिथे चाक अडतं ते आधी उंबरठ्यावर.