मशीन हाये न! : 72 तासांचा घटनाक्रम

हा घटनाक्रम एका माणसाचा नाही. पेसमेकर असूनही ज्यांचं हृदय कमजोर होत गेलं, अशा अनेकांच्या बाबतीत जे क्रमाने घडतं, ते नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या एका घरात मांडलं आहे. बाबांचं वय 62. सहा वर्षांपूर्वी नाडी मिनिटाला पस्तिसावर आली आणि ते चक्कर येऊन पडले. तेव्हा छातीत, खांद्याखाली पेसमेकर बसला. मुलगा एमआयडीसीत कामाला आहे.

72 तास आधी
काटोलला लग्न. एसटीत पंचाईत नको म्हणून बाबा लघवीची गोळी घेत नाहीत. पंगतीत लोणचं, पापड, मठ्ठा, म्हणजे मीठच मीठ. दुसऱ्या दिवशीही पाहुण्यांकडेच मुक्काम, गोळी पुन्हा राहते.

48 तास आधी
अंगात पाणी साठतं. चपलेचा पट्टा रुततो. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. तीन दिवसांत वजन 2 किलोहून जास्त वाढलं तर डॉक्टरांना गाठायचं, हे हृदय कमजोर असलेल्या प्रत्येक घराला माहीत हवं. या घरात वजनकाटा नाही, आणि तो घ्या असं कुणी सांगितलेलंही नाही.

36 तास आधी
"दोन पावलं चाललो की दम लागते रे."
"काही नाही होत बाबा. मशीन हाये न!"

सगळा घोळ या तीन शब्दांत आहे. छातीत बसवायची यंत्रं एका जातीची नसतात. साधा पेसमेकर मंद ठोके वेळेवर आणतो. आयसीडी हृदयाची लय बिघडून थरथर सुरू झाली की आतूनच शॉक देतो. आणि सीआरटी डाव्या कप्प्यापाशीही एक तार नेऊन दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावतील असं बघतो. बाबांकडे यातलं पहिलं यंत्र आहे. त्याची तार उजव्या कप्प्यात. म्हणून दर ठोक्याला उजवी बाजू आधी आणि डावी उशिरा हलते. बऱ्याच जणांना ते सोसतं. काहींचं हृदय मात्र काही वर्षांत याच ओढाताणीने फुगतं, कमजोर होतं. त्यावर उपाय आहे: साध्या यंत्राच्या जागी सीआरटी बसवता येतो, आणि तीन महिने नीट औषधं घेऊनही हृदयाची पंपिंग क्षमता 35 टक्क्यांच्या आत राहिली तर शॉकची सोय असलेलं यंत्रही. पण त्यासाठी आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. मागच्या तपासणीत बाबांना "बॅटरी चांगली आहे" एवढंच सांगितलं गेलं. बॅटरी खरंच चांगली होती.

20 तास आधी
रात्री आडवं झालं की धाप. एक उशी, मग दोन, मग भिंतीला टेकून बसणं. पहाटे खोकल्याबरोबर फेस.

12 तास आधी
जवळच्या दवाखान्यात दमा समजून वाफ आणि इंजेक्शन. तासभर बरं वाटतं. नाडी मिनिटाला बरोबर 70. ती यंत्रच चालवतंय, त्यामुळे ती नेमकी असणारच. तिच्यावरून हृदयाची ताकद कळत नाही.

6 तास आधी
डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय, वानाडोंगरीला शालिनीताई मेघे रुग्णालय, पुढे अख्खं नागपूर. अंतराचा प्रश्नच नाही. आत्ता निघाले तर ऑक्सिजन, शिरेतून लघवीचं औषध, आणि सावरल्यावर योग्य यंत्राचा विचार. त्या विचाराला आधार भक्कम आहे. 2005 साली युरोपातल्या केअर-एचएफ अभ्यासात हृदयाच्या दोन बाजूंचा ताळमेळ सुटलेले 813 रुग्ण होते. सरासरी अडीच वर्षांच्या आसपास नुसत्या औषधांवरचे सुमारे 30 टक्के दगावले. औषधांबरोबर सीआरटी मिळालेले 20 टक्के.

बाबा म्हणतात, "सकाळी पाहू." मुलाची रात्रपाळी आहे.

1 तास आधी
घाम. हातपाय गार. आई मुलाला फोन लावते; कारखान्यात यंत्रांच्या आवाजात त्याला तो ऐकू येत नाही.

शून्य
कमजोर, ताणलेल्या हृदयात लय बिघडते. ठोका उरत नाही, थरथर उरते. साधा पेसमेकर ठोका सुचवू शकतो, शॉक देऊ शकत नाही. शेजारी 108 लावतात. छाती कुणीच दाबत नाही. पेसमेकर असलेल्या माणसाची छाती दाबायची की नाही, याचीच सगळ्यांना भीती. दाबायची असते, जोरात, न थांबता. शॉक मिळेपर्यंत गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, आणि छाती दाबत राहिलं तर ती इतक्या वेगाने घटत नाही.

नंतर
सरणाआधी पेसमेकर काढावा लागतो, नाहीतर त्याची बॅटरी आगीत फुटू शकते. काढलेलं यंत्र बहुधा कचऱ्यात जातं. पण अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून आलेले असे 53 पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवले गेले; त्याचा अहवाल 2012 मध्ये छापून आला.