हंगामाचे माप आणि विक्रमाचा न्याय

एका हंगामात सामने किती खेळावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु अमेरिकेतील प्रमुख स्पर्धांच्या नियमित हंगामात बेसबॉलच्या संघास १६२, बास्केटबॉलच्या संघास ८२ आणि तेथील फुटबॉलच्या संघास अवघे १७ सामने असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या भेदाचे कारण शोधणे अगत्याचे ठरते.

पहिले कारण मनुष्यदेहाचे. अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडू सर्व बळानिशी एकमेकांवर आदळतात. म्हणून सामान्यतः आठवड्यास एकच सामना झेपतो. बेसबॉलमध्ये मोठा भार चेंडू फेकणाऱ्यावर पडतो, आणि त्या कामी माणसे पाळीपाळीने बदलता येतात. म्हणून जवळजवळ रोज सामना होऊ शकतो.

दुसरे कारण अंकगणिताचे. इंग्लंडात १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा बारा क्लब होते. प्रत्येकाने उरलेल्या अकरांशी एकदा स्वतःच्या व एकदा परक्या मैदानावर खेळावयाचे, म्हणून २२ सामने. बेसबॉलच्या लीगमध्ये आठ संघ असताना सात प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी २२, असे १५४ सामने होत. १९६१ साली अमेरिकन लीगचे संघ दहा झाले. नऊ प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी १८ सामने ठरले आणि बेरीज १६२ झाली.

या आठ अधिक सामन्यांनी एक वाद उभा केला. बेब रूथचा १९२७ सालचा ६० होमरनांचा विक्रम १९६१ साली रॉजर मॅरिस मोडू पाहत होता. तेव्हा हंगाम चालू असतानाच कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी निर्णय दिला की, १५४ सामन्यांच्या आत विक्रम न मोडल्यास त्याची नोंद वेगळी व्हावी. मॅरिसचा ६१ वा होमरन हंगामाच्या अखेरच्या दिवशी आला.

फ्रिक हे पूर्वी रूथच्या नावाने लेख लिहून देणारे पत्रकार होते. पक्षकाराचा जुना स्नेही न्यायासनी बसावा आणि दावा चालू असता नियम व्हावा, हे आम्हां वकिलांस खटकते. तथापि मापे विषम झाली, हे त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पण ते माप लीगने बदलले होते, मॅरिसने नव्हे.

१९९१ साली तो भेद रद्द झाला. मॅरिस १९८५ सालीच वारला होता. माप बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांनी त्या बदलाचा बोजा मोजल्या जाणाऱ्यावर टाकू नये, एवढेच आम्ही यातून घेतो.