सर्व्हरवरील पार्श्वसेवांचे स्थितिनिरीक्षण

सर्व्हरवर कोणत्याही टर्मिनलशी न जोडता अखंड चालणारे प्रोग्राम (उदा., वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल सर्व्हर, क्रॉन) चालू आहेत की बंद पडले आहेत आणि चालू असल्यास नेमलेले काम करीत आहेत की नाही, हे सतत तपासत राहण्याची पद्धती. अशा प्रोग्रामांना युनिक्सच्या परिभाषेत डीमन, तर एरवी सर्व्हिस किंवा सेवा म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्सचा विचार केला आहे.

प्रोसेस जिवंत असणे आणि सेवा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क भरली की डेटाबेसची प्रोसेस जिवंत असूनही नवी नोंद लिहून घेत नाही; वेब सर्व्हरचे सगळे वर्कर त्या डेटाबेसच्या उत्तरासाठी ताटकळतात. प्रोसेसची यादी पाहणाऱ्याला मात्र दोन्ही सेवा सुरळीत दिसतात. निरीक्षणाच्या बहुतेक चुकांचे मूळ या दोन प्रश्नांची गल्लत करण्यात आहे.

पीआयडी फाइल : जुन्या पद्धतीत डीमन सुरू होताना दोनदा फोर्क करी (म्हणजे स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस निर्माण करी) व ज्या स्क्रिप्टने त्याला सुरू केले तिच्यापासून स्वतःला तोडून घेई. अनाथ झालेल्या या प्रोसेसचे पालकत्व क्रमांक १ च्या प्रोसेसकडे, म्हणजे इनिटकडे जाई. आपला ठावठिकाणा राहावा म्हणून डीमन स्वतःचा प्रोसेस क्रमांक (पीआयडी) एका फाइलीत लिहून ठेवी. पुढे स्थिती विचारणारी स्क्रिप्ट ती फाइल वाचून त्या क्रमांकाला शून्य सिग्नल पाठवी. या सिग्नलने प्रोसेसवर काही परिणाम होत नाही. ती अस्तित्वात आहे की नाही एवढेच कळते. डीमन अचानक मेला तर फाइल मात्र मागे उरे. प्रोसेस क्रमांक पुन्हा वापरात येतात (लिनक्समधील परंपरागत मर्यादा ३२,७६८), त्यामुळे तोच क्रमांक पुढे भलत्याच प्रोसेसला मिळून मेलेली सेवा जिवंत दिसण्याचा धोका असे.

लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणकाने स्थिती विचारल्यावर स्क्रिप्टने द्यावयाचे संकेतांक ठरवून दिले : ० म्हणजे सेवा चालू, १ म्हणजे सेवा मृत पण पीआयडी फाइल शिल्लक, २ म्हणजे मृत पण लॉक फाइल शिल्लक, ३ म्हणजे बंद, ४ म्हणजे स्थिती अज्ञात. पाचांपैकी दोन संकेतांक केवळ मागे उरलेल्या फाइलींसाठी राखावे लागले, यावरून ही अडचण किती नित्याची होती ते दिसते.

पालक-प्रोसेसकडून देखरेख : सेवा मेली हे खात्रीने व तत्काळ फक्त तिच्या पालक-प्रोसेसला कळते, कारण कर्नल ती वार्ता व अखेरचा संकेतांक पालकाकडेच पोहोचवतो. डॅनियल बर्नस्टाईन यांच्या डीमनटूल्स या संचाची उभारणी याच तत्त्वावर आहे. त्यातील सुपरवाइज हा छोटा प्रोग्राम सेवेला स्वतःचे अपत्य म्हणून चालवतो, तिने फोर्क करून निसटू नये अशी अपेक्षा ठेवतो आणि ती पडली की पुन्हा उठवतो. एसव्हीस्टॅट ही त्याची सोबतीण आज्ञा सेवा चालू आहे की बंद आणि किती सेकंदांपासून, हे सांगते. सेकंदांचा हा आकडा फार मोलाचा आहे : दर वेळी विचारल्यावर तो दोन किंवा तीनच असेल, तर सेवा चालू नसून पुनःपुन्हा पडत आहे, असे समजावे. रनिट व एस-सिक्स हे संच याच परंपरेतील.

सोलारिस १० मधील एसएमएफ व मॅक ओएस १०.४ मधील लाँचडी (दोन्ही २००५) यांनीही देखरेखीचे काम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे आणले. उबुंटूचे अपस्टार्ट (२००६) सेवा किती वेळा फोर्क करते याची मोजदाद ठेवी; ही संख्या मांडणीत चुकीची नोंदवली गेली, तर ते भलत्याच प्रोसेसचा माग धरून बसे.

सिस्टमडी : लेनार्ट पॉटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेली प्रणाली. फेडोरा १५ (२०११), रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ (२०१४) व डेबियन ८ (२०१५) यांनी ती स्वीकारली. डेबियनमध्ये या निर्णयावरून मतभेद होऊन देवुआन ही वेगळी शाखा निघाली. वादाच्या गुणदोषांचा विचार येथे केलेला नाही.

निरीक्षणाच्या दृष्टीने सिस्टमडीचे महत्त्व सीग्रुपच्या वापरात आहे. कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत (२००८) आलेल्या या सोयीमुळे सेवेपासून जन्मलेली प्रत्येक प्रोसेस, कितीही फोर्क झाले तरी, त्याच गटात मोजली जाते. निसटून जाणे जवळपास संपले. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा सेवेची अवस्था, ती केव्हापासून आहे, मुख्य प्रोसेसचा क्रमांक, गटातील सर्व प्रोसेस आणि लॉगच्या शेवटच्या १० ओळी एकत्र दाखवते. मुख्य अवस्था अशा : ॲक्टिव्ह, रीलोडिंग, इनॲक्टिव्ह, फेल्ड, ॲक्टिव्हेटिंग, डीॲक्टिव्हेटिंग. ‘एनेबल्ड’ ही यांपैकी अवस्था नव्हे. सर्व्हर सुरू होताना सेवाही सुरू व्हावी एवढाच तिचा अर्थ. हाताने सुरू केलेली पण एनेबल न केलेली सेवा पुढच्या रीबूटपर्यंत बिनतक्रार चालते आणि रीबूटनंतर उठत नाही.

‘ॲक्टिव्ह (एक्झिटेड)’ हा शेराही नवख्यांना चकवतो. काम एकदाच करून संपणाऱ्या सेवेबाबत तो योग्यच आहे. तेथे चालू प्रोसेस शोधू नये.

पडलेली सेवा आपोआप उठवण्याची सोय निरीक्षणाला पर्याय ठरत नाही, उलट ती बिघाड झाकू शकते. मूळ मांडणीत १० सेकंदांत ५ वेळा सुरू झालेली सेवा पुन्हा उठवली जात नाही व फेल्ड ठरते. मात्र दोन प्रयत्नांमधील विश्रांती ५ सेकंद ठेवली, तर ही मर्यादा कधीच गाठली जात नाही. सेवा अखंड पडत-उठत राहते, मधल्या वेळात ‘ॲक्टिव्हेटिंग (ऑटो-रीस्टार्ट)’ असे दिसते आणि फेल्ड सेवांची यादी कोरी राहते. केवळ ती यादी पाहणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत हे छिद्र आहे. यासाठी आपोआप झालेल्या रीस्टार्टची संख्या दाखवणारा ‘एन-रीस्टार्ट्स’ हा गुणधर्म तपासला पाहिजे.

सेवेला स्वतःची हालहवाल कळवण्याचीही सोय आहे. तयार झाल्यावर ती ‘रेडी’ असा संदेश पाठवते. वॉचडॉग लावला असल्यास ठरलेल्या मुदतीत पुनःपुन्हा खूण पाठवते, आणि खूण चुकली की सिस्टमडी तिला अबॉर्ट सिग्नल देते. ही खूण प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुख्य चक्रातूनच निघाली पाहिजे. स्वतंत्र थ्रेडमधून ती पाठवल्यास काम ठप्प असतानाही खूण वेळेवर जात राहते आणि वॉचडॉग निरर्थक ठरतो.

बाहेरून तपासणी : सेवा मिळते की नाही, हे ती मागूनच कळते. पोस्टग्रेएसक्यूएलसोबत येणारी पीजी-इजरेडी ही आज्ञा जोडणी स्वीकारली जाते (०), नाकारली जाते (१), उत्तरच येत नाही (२) किंवा प्रयत्नच झाला नाही (३), असे भेद करते. मायएसक्यूएलमधील ‘पिंग’ मात्र प्रवेश नाकारला गेला तरी ० देते, कारण नकार देण्यासाठी सर्व्हर जिवंत असावा लागतो. तपासणी नेमके काय सिद्ध करते हे वाचल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

ईथन गालस्टॅड यांचे नागिऑस (१९९९ मध्ये नेटसेंट या नावाने प्रकाशित) हे या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्याच्या प्लगइनचे चार निकाल असतात : ठीक, इशारा, गंभीर, अज्ञात. पहिल्या अपयशाला ते ‘सॉफ्ट’ समजते व ठरलेल्या संख्येइतक्या तपासण्या अपयशी झाल्यावरच ‘हार्ड’ मानून निरोप धाडते. रात्री ज्याला उठावे लागते त्याच्या झोपेचा विचार करणारी ही रचना आहे. खोट्या इशाऱ्यांना सरावलेला माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो.

साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ साली सुरू झालेले प्रोमिथियस हे निरीक्षण-साधन स्वतः सर्व्हरकडे जाऊन आकडे गोळा करते. सिस्टमडीच्या अवस्था त्यात नोड एक्स्पोर्टर या जोडप्रोग्राममार्फत येतात, परंतु त्यातील सिस्टमडीसाठीचा संग्राहक मुळात बंद असतो व हेतुपूर्वक चालू करावा लागतो. निरीक्षण-यंत्रणाच बंद पडल्यास कळावे म्हणून एक इशारा कायम चालू ठेवतात. तो येईनासा झाला, की बाहेरची दुसरी व्यवस्था कळवते.

कंटेनर : कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये लाइव्हनेस व रेडीनेस या दोन निराळ्या चाचण्या आहेत : पहिलीत अपयश आले तर कंटेनर रीस्टार्ट होतो, दुसरीत आले तर त्याच्याकडे विनंत्या पाठवणे थांबते.

विंडोज : सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर सेवेच्या सात अवस्था ओळखतो.